कारभारी पगारेंच्या कार्डावरचा तोतया

नाशिक शहरात गुप्तहेर एकच आहे आणि तो मी. जयराम खैरनार. उंची पाच फूट चार इंच, पण विचार करताना पाच फूट सहा. समोरच्याच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग बघून तो काल काय जेवला हे मी सांगतो, आणि तो नाही म्हणाला तर तो खोटं बोलतोय हेही सांगतो. दिवसा साडेदहा ते साडेपाच मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो, पण ते माझं वेषांतर आहे. एकोणीस वर्षं ते इतकं बेमालूम जमलंय की सरकार मला त्याबद्दल दरमहा पगार देतं.

माझा मदतनीस लहानू त्याच कचेरीत शिपाई आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, अंगानं किरकोळ, स्वभावानं गरीब. त्याच्यात एकच खोड आहे. तो मधेच प्रश्न विचारतो.

सन शहाऐंशीच्या जून महिन्यातली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी मी इंदिरानगरातल्या माझ्या घरी पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन चिंतन करत होतो. लहानू दाराशी बसून चहा फुंकत होता. इतक्यात एक गृहस्थ घाईघाईनं आत शिरले.

"थांबा," मी हात वर केला. "काही बोलू नका. तुम्ही सातपूरहून सायकलवर आलात, वाटेत एकदा चेन पडली, आणि तुम्हाला एक डावखुरा भाऊ आहे."

"अहो खैरनार साहेब, मी कारभारी पगारे. समोरच्या चाळीत राहतो. चालत आलो."

"आणि भाऊ?"

"तीन बहिणी आहेत."

"म्हणजे कुटुंबात कुणीतरी डावखुरं आहे. लहानू, लिहून घे."

पगारे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. माणूस सरळ, हसतमुख, कुणाच्याही कार्याला पहिला हजर. आज मात्र तोंड उतरलेलं होतं. त्यांनी खिशातून दोन वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक पत्र, आणि प्लास्टिकच्या पाकिटातलं एक गुलाबी कार्ड.

हे कार्ड तेव्हा गावभर गाजत होतं. मेन रोडवरच्या 'समृद्धी भांडार'वाल्यांनी ते काढलं होतं. कार्ड दाखवायचं, सही करायची, वस्तू उचलायची. पैसे नंतर. महिन्याच्या सात तारखेपर्यंत निदान किमान रक्कम भरली की दुकानदार उठून नमस्कार करायचा आणि कार्डावर 'धन्यवाद' असा जांभळा शिक्का मारायचा. पगाऱ्यांच्या कार्डावर असे अठरा शिक्के होते.

"साहेब, दीड वर्षापूर्वी मी ह्या कार्डावर बायकोसाठी, सुमनसाठी, शिलाई मशीन घेतलं. साडेनऊशे रुपयांचं. दर महिन्याला साठ रुपये भरत आलो. एकही महिना चुकवला नाही. अठरा साठे किती?"

"एक हजार ऐंशी," लहानू म्हणाला.

"म्हणजे दुकानाकडेच माझे एकशेतीस रुपये निघतात. आणि हे पत्र बघा."

पत्रात लिहिलं होतं की येणे बाकी दोन हजार तीनशे सोळा रुपये, म्हणजे कार्डाच्या दोन हजारांच्या मर्यादेबाहेर. शनिवारपर्यंत पूर्ण न भरल्यास करारानुसार शिलाई मशीन उचलून नेण्यात येईल.

"शाळा उघडायच्या तोंडावर सुमननं दीडशे गणवेशांचं काम घेतलंय," पगारे म्हणाले. "रात्रंदिवस मशीनवर असते ती. मशीन गेलं तर काम गेलं, आणि पुन्हा तिला कुणी काम देणार नाही. तिला वाटतं मशीन केव्हाच फिटलंय. हे पत्र तिच्या हाती पडलं तर काय तोंड दाखवू मी?"

"तुम्ही कार्डावर आणखी काही खरेदी केलीत?"

"आईची शपथ, नाही! घरी येऊन बघा. एक चमचासुद्धा नवा दिसला तर कान कापून देईन. कुणीतरी माझ्या नावानं माल उचलतंय, साहेब."

मी उठून खिडकीपाशी गेलो. अशा वेळी खिडकीपाशी जावं लागतं.

"पगारे," मी म्हणालो, "हुबेहूब तुमच्यासारखा दिसणारा एक माणूस ह्या शहरात वावरतो आहे. तो तोतया आहे. पोहे घ्या."

मंगळवारी मी वेषांतर करून समृद्धी भांडारात गेलो. वेषांतर म्हणजे टोपी, काळा चष्मा आणि दिंडोरीचा द्राक्ष बागाईतदार असल्याचा आविर्भाव. व्यवस्थापक यादव नावाचा गुळगुळीत माणूस होता. त्याच्याकडून मी अत्यंत चातुर्यानं पगाऱ्यांच्या खात्याची नक्कल मिळवली. म्हणजे मी म्हणालो, "पगाऱ्यांच्या खात्याची नक्कल द्या," आणि त्यानं दिली. जाता जाता तो म्हणाला, "बागाईतदार साहेब, तुमच्यासारख्यांकडे आपलं कार्ड नाही, हे बरं दिसत नाही."

आता नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. तपासाच्या हितासाठी मी कार्ड घेतलं. कार्ड घेतलं आणि वापरलं नाही तर आणखी संशय आला असता, म्हणून एक मोठी बॅटरी घेतली. तीन सेलची. मग बॅटरीला शोभेल अशी चामड्याची पिशवी घेतली.

"साहेब, हे पैसे कधी द्यायचे?" लहानूनं बाहेर आल्यावर विचारलं.

"किमान रक्कम वीस रुपये. ती भरली की झालं."

"झालं म्हणजे काय झालं?"

मी सांगितलं ना, त्याला खोड आहे.

त्या नकलेत मशीनखेरीज तेरा खरेद्या होत्या. प्रत्येकीपुढे नुसतं 'स्टील सामान' असं लिहिलेलं. एकंदर सोळाशे चाळीस रुपये. प्रत्येकीवर पगाऱ्यांची सही. मी पगाऱ्यांकडून कोऱ्या कागदावर सही घेतली आणि भिंग लावून ताडून पाहिली. दोन्ही सह्या तंतोतंत सारख्या.

"म्हणजे त्यांचीच आहे," लहानू म्हणाला.

"लहानू, म्हणून तू शिपाई आहेस. खरा माणूस दोनदा सारखी सही करतच नाही. माझ्या पगारपत्रकावरच्या सह्या बघ, हिशेबनीस दर महिन्याला बोंब मारतो. इतकी सारखी सही फक्त खोटीच असू शकते."

मग मी तारखा पाहिल्या. मे, डिसेंबर, फेब्रुवारी, पुन्हा एप्रिल, मे. पावसाळ्यात एकही नाही. मी कॅलेंडर काढलं आणि टाळी वाजवली. सगळ्या तारखा लग्नसराईतल्या! तोतया फक्त लग्नाच्या दिवसांत माल उचलत होता. ह्याचा अर्थ एकच होता. तो बँडवाला होता.

बुधवारचा अख्खा दिवस आम्ही भद्रकालीतल्या बँडवाल्यांमध्ये घालवला. पगाऱ्यांसारखा दिसणारा एकही सापडला नाही. क्लॅरिनेटवाल्याच्या मिशा थोड्या तशा होत्या, पण मी त्या ओढून पाहिल्यावर त्या खऱ्या निघाल्या. त्यानं पुढे जे केलं त्याचा तपासाशी संबंध नाही.

गुरुवारी मात्र नशीब फळफळलं. मी रजा टाकून समृद्धी भांडारासमोरच्या रसवंतीत बसलो होतो. पाचवा ग्लास संपत असताना दुकानाच्या दाराशी, जिथे भांड्यांवर नाव घालून देणारा कारागीर बसतो तिथे, एक माणूस उभा दिसला. पाठमोरा. तीच चण, तसाच निळा सदरा, तीच डोक्यामागची विरळ जागा. हातात खोकं.

"तोतया!" मी लहानूचा हात दाबला. "सदरासुद्धा पगाऱ्यांसारखाच शिवून घेतलाय, हरामखोरानं!"

तोतया स्टँडवर गेला. आम्ही मागोमाग. तो निफाडच्या एस.टी.त बसला, आम्ही मागच्या सीटवर. मी पेपराला दोन भोकं पाडून नजर ठेवली. निफाडला उतरून तो एका मांडवात शिरला. आता गाठ माझ्याशी होती. मी झेप घेऊन त्याचा खांदा धरला.

तो वळला. "अहो खैरनार साहेब! तुम्हीपण मुलीकडचे?"

साक्षात पगारे.

"तुम्ही इथे काय करताय?" मी दरडावलं.

"आमच्या सुपरवायझरच्या भाचीचं लग्न आहे. चला, पहिली पंगत बसतेय."

मी जागच्या जागी निष्कर्ष काढला की तोतया गर्दीचा फायदा घेऊन निसटला आणि जाताना आपल्या जागी खरे पगारे ठेवून गेला. आम्ही जेवलो. जिलेबी चांगली होती. परतीच्या गाडीत लहानू म्हणाला, "साहेब, त्या खोक्यात काय होतं, ते विचारायचं राहिलं."

"क्षुल्लक गोष्टींत अडकायचं नसतं," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

शुक्रवारी संध्याकाळी पगारे पुन्हा आले. चोवीस तास उरले होते. मी त्यांना माझा अंतिम सिद्धांत समजावू लागलो. ह्यामागे आंतरराष्ट्रीय टोळी होती. तिला नाशिकमध्ये स्टीलचा साठा करायचा होता आणि धागेदोरे थेट परदेशापर्यंत पोचत होते.

आतल्या मोरीत धोंडाबाई भांडी घासत होत्या. आमच्या भागातल्या सात घरची भांडी त्यांच्याकडे होती. आवाज थांबला आणि त्या ओल्या हातानं दारात आल्या.

"जयरामभाऊ, कवाधरनं ऐकती मी. कसलं इस्टील हरवलंय?"

"मावशी, हा गंभीर तपास आहे."

"हरवलंय का कुणी नेलंय?"

"पगाऱ्यांच्या नावानं कुणीतरी तेरा वेळा स्टीलची भांडी उचललीत," लहानूनं सांगून टाकलं. "कुठे गेली ते कळत नाही."

धोंडाबाईंनी पगाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्या आत गेल्या आणि एक बशी, एक ट्रे आणि पाण्याचं मोठं पातेलं घेऊन आल्या. तिन्ही उपडी करून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. टेबलावरचं भिंग उचलून माझ्या हातात दिलं.

"वाचा."

मी वाचलं. 'सौ. सुमन व श्री. कारभारी पगारे यांजकडून श्री. खैरनार यांस वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट. दि. ३-५-८५.'

"ही तीन हितं," धोंडाबाई बोटांवर मोजू लागल्या. "चिमाजी फोरमनकडं मोठा डबा हाय. चौकातल्या मास्तरणीकडं सहा ताटं, तिच्या पोराच्या लग्नाची. वाण्याकडं कळशी, त्याच्या भावाकडं पिंप. मी सांजच्या साक्षरतेच्या वर्गाला जाती, तवाधरनं भांड्यावरची नावं वाचती. घासताना तेवढाच सराव होतो. ह्यांचं नाव मला पाठ झालंय. सगळ्यात जास्ती ह्यांचंच येतं."

मी त्या बशीतून वर्षभर पोहे खात होतो. सोमवारी पगाऱ्यांनाही त्यातच दिले होते.

"पगारे," मी म्हणालो, "हे काय आहे?"

"आहेर आहे," पगारे निरागसपणे म्हणाले.

"कार्डावर घेतलेत?"

"हो. पण ती खरेदी कुठे? मी काय घरात वापरायला घेतलं का काही? आहेर तर आपण देतो, साहेब. विकत घेतो ते वेगळं, देतो ते वेगळं!"

"आरं माझ्या देवा," धोंडाबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

पगारे आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं. "पहिल्या वेळी खिशात एकवीस रुपयेच होते," ते पुटपुटले. "यादव म्हणाला, 'पगारे साहेब, तुमच्यासारख्यानं एकवीस रुपये द्यायचे? सही करा, कार्डावर टाकतो.' चार लोकांत कमीपणा नको वाटला. मग सवयच लागली. कालचं खोकंही मे महिन्यातच उचलून नाव घालायला दिलं होतं. मी... मी खरंच हिशेबात धरलंच नव्हतं हो ते."

मी घसा साफ केला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो की गुन्हेगार हुबेहूब पगाऱ्यांसारखा दिसतो. माझा तो निष्कर्ष शंभर टक्के बरोबर ठरला आहे."

कुणी लक्ष दिलं नाही.

"तरी मेळ बसत नाही," लहानू कागदावर मांडत होता. "मशीनचे साडेनऊशे, आहेराचे सोळाशे चाळीस. झाले दोन हजार पाचशे नव्वद. भरले एक हजार ऐंशी. बाकी पंधराशे दहा. मग वरचे आठशे सहा कशाचे?"

"त्ये मला नाय कळत," धोंडाबाई उठल्या. "सुमनबाईला कळंल. ती मापात पक्की हाय. चला."

"तिला नको!" पगारे दाराशी आडवे झाले.

"उद्या गाडीवाला मशीन न्यायाला आल्यावर सांगनार का मग?" धोंडाबाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं.

सुमनवहिनी मशीनवर होत्या. भिंतीला लागून खाकी चड्ड्या आणि पांढऱ्या सदऱ्यांची थप्पी कमरेइतकी चढलेली. पगाऱ्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. एकदाही थांबले नाहीत, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. वहिनींचा पाय मशीनच्या पायट्यावरून हळूच खाली आला.

त्यांनी नक्कल मागून घेतली. उलटवली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, येणे बाकीवर दरमहा शेकडा तीन सेवा आकार. आम्हा तिघा पुरुषांपैकी एकानंही ती बाजू पाहिली नव्हती. वहिनींनी कापड बेतायचा खडू घेतला आणि खाकी कापडाच्या तुकड्यावर आकडे मांडले.

"सरासरी पंधराशे बाकी धरा," त्या म्हणाल्या. "महिन्याला पंचेचाळीस आकार. अठरा महिन्यांचे आठशे दहा, म्हणजे आलेच ते. तुम्ही साठ भरत होता ना? त्यातले पंचेचाळीस दुकानाच्या पोटात, आणि पंधरा आपल्या खात्यात. त्या पंधरांवर तुम्ही पुन्हा दीडशेचं पातेलं घेत होता."

"पण तो नमस्कार करायचा," पगारे म्हणाले. "शिक्का मारायचा."

"महिन्याला पंचेचाळीस फुकट मिळाले तर मी रोज पाया पडेन त्याच्या," लहानू म्हणाला.

मी हळूच खिशातलं माझं कार्ड चाचपलं. तीन सेलची बॅटरी एकदम जड वाटायला लागली.

वहिनी उठल्या आणि ट्रंकेतून पोस्टाचं पासबुक काढलं. "सोळाशे आहेत," त्या म्हणाल्या. "उरलेले सातशे सोळा कारखान्याच्या पतपेढीतून काढा. तिथे वर्षाला शेकडा बारा आहे, महिन्याला तीन नाही."

"हे सोळाशे कसले?" पगाऱ्यांनी विचारलं.

"शिवणाचे. दुसरं मशीन घ्यायचं होतं रोखीनं. शेजारची साळूबाई हाताखाली येणार होती. दोघी मिळून दुकान टाकणार होतो." त्यांनी पासबुक नवऱ्याच्या हातात दिलं. "तुम्हाला दिवाळीत सांगणार होते."

पगारे मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. वहिनींनाही रडू येत होतं, पण बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या, म्हणून त्या पुन्हा मशीनवर बसल्या. मला फार वाईट वाटलं. गुप्तहेराला वाटू नये, पण वाटलं.

शनिवारी सकाळी पतपेढीच्या कर्जाला मी जामीन राहिलो. दुपारी आम्ही सगळे समृद्धी भांडारात पोचलो तेव्हा हातगाडीवाला निघायच्या तयारीतच होता. वहिनींनी दोन हजार तीनशे सोळा रुपये यादवसमोर मोजले आणि 'पूर्ण फेड' असं लिहून पावती घेतली. यादव उभा राहिला, हात जोडले, आणि म्हणाला, "वहिनी, अशी एकरकमी फेड करणारं गिऱ्हाईक भाग्यानं मिळतं. तुमच्या स्वतःच्या नावानं कार्ड काढतो. पाच हजारांपर्यंत! दुसरं मशीन आजच घेऊन जा."

दुसरं मशीन समोरच होतं, काळं कुळकुळीत, सोनेरी वेलबुट्टीचं. वहिनींनी त्याच्या चाकावर हात ठेवला. ते हलकं फिरलं.

"किंमत काय ह्याची?" त्यांनी विचारलं.

"साडेअकराशे. पण किंमत कशाला विचारता? महिन्याला फक्त साठ."

"किंमतच विचारायची असते," वहिनी म्हणाल्या. "ठेवा. पैसे साठले की येईन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि भाऊजी, तुमचीही बॅटरी परत करा आत्ताच, पावती आहे तोवर."

हिला कसं कळलं हे मी अजून शोधतो आहे. लहानूवर माझा संशय आहे. यादवनं बॅटरी परत घेतली, पिशवी घेतली नाही. तिचे अडतीस रुपये मी रोख मोजून कार्ड टेबलावर ठेवलं आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. मानेला सवय नव्हती, दोन दिवस दुखली.

पुढल्या पंधरवड्यात चिमाजी फोरमनच्या मुलीचं लग्न निघालं. कारखान्यातला सगळ्यात मोठा माणूस, अख्खं सातपूर लोटलेलं. वहिनींनी पाकिटात अकरा रुपये घातले आणि वर दोघांची नावं लिहिली. पगारे ते पाकीट घेऊन मांडवाबाहेर चांगली दहा मिनिटं फेऱ्या मारत होते.

"साहेब, माईकवरून पुकारतात हो आहेर," ते मला म्हणाले. कपाळावर घाम होता. "वाणी एक्कावन्न देणार. मास्तरणीनं पंखा आणलाय. माझे अकरा ऐकून लोक काय म्हणतील?"

मी त्यांना सांगणार होतो की माझ्या निरीक्षणानुसार काय काय म्हणतील, पण लहानूनं माझा पाय तुडवला. पगाऱ्यांनी एकदाचं आत जाऊन पाकीट चिमाजींच्या हातात दिलं. चिमाजींनी न बघता ते शेजारी माईकवाल्याकडे सरकवलं आणि पगाऱ्यांचे दोन्ही खांदे धरले.

"कारभारी, कुठे होतास लेका? वाढायला माणसं नाहीत! बाह्या वर कर, भाताची बादली घे."

थोड्या वेळानं माईक खरखरला. वाण्याचे एक्कावन्न झाले, मास्तरणीचा पंखा झाला. मग मोठ्यानं पुकारा आला, "सौ. सुमन व श्री. कारभारी पगारे यांजकडून अकरा रुपये!" मी चटकन पंगतीवर नजर फिरवली. दोनशे माणसांतलं एकही तोंड वर झालं नाही, सगळी ताटांवर होती. मी पगाऱ्यांना शोधलं. ते तिसऱ्या रांगेत वाकले होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, आणि एका म्हाताऱ्याला ते मोठ्यानं विचारत होते, "बाबा, भात वाढू का अजून? लाजू नका, भरपूर आहे."